नवीन रंगावर वॉटर पेपर: घासायचं किती, थांबायचं कुठं?

मी खामगावात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. मागच्या भागानंतर बऱ्याच पोरांचे व्हॉइस मेसेज आले. प्रश्न एकच. "भाऊ, बोनेट घरीच रंगवलं, पण संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत दिसतंय. वॉटर पेपर मारू का?"

मारा. पण आधी माझा गाढवपणा ऐका.

शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. शेगावला भाविकांची ने-आण करणाऱ्या एका दादांची चंदेरी गाडी आली होती. उस्तादांनी बोनेट रंगवलं, वरून क्लिअर मारला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पोरा, मधलं घासून ठेव. कडांना हात लावू नको, मी जेवून येतो." मी मधलं मस्त घासलं. मग वाटलं, कडेची साल तरी कशाला ठेवायची? दोन बोटांखाली पेपर धरला आणि चार हात मारले. पाणी पुसलं तर कडेवर बोटभर मळका डाग! क्लिअर संपून पेपर खालच्या रंगात शिरला होता. असा डाग पॉलिशने जात नाही, आणि चंदेरीत तेवढाच तुकडा रंगवला तर ठिगळ दिसतं. अख्खं बोनेट पुन्हा करावं लागलं. दादांचं दोन दिवसांचं भाडं बुडालं, रंगाचे पैसे माझ्या पगारातून गेले. उस्ताद ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं.

झालं काय होतं? चकाकी आपण वरून लावत नाही, आहे त्यातलं कापून काढतो. कंपनीच्या गाडीवर क्लिअरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० च्या आसपास. गॅरेजात दोन-तीन हात मारले तर थर थोडा जाड येतो, बस्स. आणि ओला रंग कडेवरून मागे सरकतो, म्हणून तिथं तो सगळ्यात पातळ. हाताचा दाब मात्र तिथंच सगळ्यात जास्त पडतो.

म्हणून घासण्याआधी कडांना मास्किंग टेप लावा. या टेपची गोष्ट भारी आहे. पाण्यात चालणारा पेपर थ्री-एम कंपनीने १९२१ साली आणला. त्याआधी कोरडं घासायचे आणि धूळ छातीत जायची. त्याच कंपनीचा डिक ड्रू हा पेपरचे नमुने घेऊन अमेरिकेतल्या सेंट पॉलच्या एका गॅरेजात गेला. तिथले पेंटर दुरंगी गाडीवर चिकटवलेला कागद काढताना रंगच उपटून आला म्हणून शिव्या घालत होते. त्यातून १९२५ मध्ये मास्किंग टेप निघाली. म्हणजे पेपर आणि टेप, दोन्ही एकाच घरचे.

आता काम. क्लिअर हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही. हार्डनरच्या डब्यावरची वेळ वाचा, थंडीत त्याहून जास्त थांबा. नख दाबून खूण उमटली तर आजचा दिवस सोडा. पेपर पाव तास पाण्यात भिजवा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. सपाट जागी बोटांनी नाही, रबरी ब्लॉकवर. मी १५०० ने सुरू करतो, मग २०००, मग ३०००. नंबर बदलला की दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. मध्ये मध्ये पुसून बघा. चमकणारे ठिपके म्हणजे अजून न घासलेले खड्डे. सगळेच घालवायचा हट्ट नको. शोरूमच्या गाडीवरही थोडी साल असतेच. आणि निघणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. दुधाळ पाणी म्हणजे क्लिअर. गाडीचा रंग उतरायला लागला की हात जागच्या जागी थांबवा.

पाण्यावरून आठवलं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदची मंडळी, तुम्ही खारपाण पट्ट्यातले. बोअरचं पाणी पॅनलवर वाळलं की पांढरी वर्तुळं पडतात. प्रायमर घासताना तेच मीठ राहिलं, तर वरचा रंग पुढे फोडासारखा फुगू शकतो. मग ग्राहक म्हणतो, पेंटरने फसवलं. प्यायचं किंवा पावसाचं पाणी वापरा आणि पॅनल ओला असतानाच पुसून घ्या. काम सावलीत. मे महिन्यात पत्र्याखाली तर पहाटेच.

शेवटी बफिंग. आधी हात आणि फरशी कोरडी करा. ओल्या जागी मशीन लावणं म्हणजे शॉकला आमंत्रण. फोम पॅडवर वाटाण्याएवढं कंपाउंड, कमी स्पीड, आणि मशीन एका जागी उभं करायचं नाही. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, तिथं रंग पटकन जळतो. हात लावून बघत राहा. कडेची टेप बफिंगलाही राहू द्या, ती पट्टी नंतर हातानेच पुसा. वॅक्स लगेच नको, नव्या रंगाला महिना-दोन महिने श्वास घेऊ द्या.

ते चंदेरी बोनेट दुसऱ्यांदा उस्तादांनी मलाच घासायला दिलं. टेप मीच लावली, चारही कडांना, दुहेरी.

पुढच्या भागात रंगाचा ओघळ कसा काढायचा ते बोलू. तुमच्याकडच्या ओघळाचे फोटो पाठवा, लाजू नका.