इंजिनाचा दम राखणारी रिंग



आमच्या गटाची पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चालते. गेल्या उन्हाळ्यात इंजिनाचा दमच गेला. सकाळी हँडल मारून मारून हात भरून यायचे. निळसर धूर निघायचा, ऑइल भराभर कमी व्हायचं. बैठकीत ठरत आलं होतं, की हे भंगारात द्यायचं आणि कर्ज काढून नवं घ्यायचं. पहिलं कर्ज नुकतंच फिटलेलं. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू.

मिस्त्रींनी पिस्टन बाहेर काढला आणि त्याच्या खाचांतल्या रिंगा माझ्या हातावर ठेवल्या. बिडाच्या बारीक बांगड्याच जणू, फक्त एका जागी चिरलेल्या. त्या चिरेमुळे रिंग दाबून आत बसवता येते आणि आत गेल्यावर ती फाकून लायनरला घट्ट टेकते.

या रिंगांची कामं तीन. वरच्या रिंगा कुकरच्या रिंगेसारख्या दाब कोंडून धरतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की तापते आणि त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. रिंग झिजली की हवा निसटते. मग कितीही हँडल मारा! दुसरं काम, पिस्टनची उष्णता लायनरकडे पोचवणं. तिसरं काम खालच्या ऑइल रिंगेचं. लायनरवरचं जादा ऑइल ती खरवडून खाली पाठवते. ती झिजली की ऑइल वर जाऊन जळतं. आमचा निळा धूर तोच होता.

रिंगा एवढ्या लवकर का झिजल्या? चूक आमचीच. गिरणी रस्त्याकडेला, आणि एअर क्लिनर आम्ही कधी साफच केला नव्हता. आत गेलेली धूळ ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी घासत राहिली.

मिस्त्रींनी नवी रिंग नुसती लायनरमध्ये सरकवून चिरेतली फट गेजनं मोजली. फट जास्त भरली असती तर लायनरही बदलावा लागला असता. आमचा बरा निघाला. रिंगा बसवताना त्यांच्या चिरा एका रेषेत येऊ दिल्या नाहीत, नाहीतर तिथूनच दाब निसटतो.

इंजिन पुन्हा सुरू झालं. कर्जाचा अर्ज तसाच कपाटात आहे. आता हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढलाय, ऑइल किती घातलं आणि एअर क्लिनर कधी धुतला याचा.

तुमच्या गटाचं इंजिन धूर ओकत असेल तर विकायची घाई करू नका. आधी उघडायला लावा, आणि मोजताना स्वतः शेजारी उभ्या राहा.