ठिणगी कुठे अडते?

दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून, असे ६१ दिवस पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात चेन्नईच्या कासिमेडू बंदरात ट्रॉलर ओळीने उभे दिसतात. नोच्चिकुप्पम किंवा पट्टिनपाक्कमच्या वाळूवरून सुटणाऱ्या लहान फायबर बोटी मात्र तेव्हाही समुद्रात जातात. २००४च्या त्सुनामीनंतर ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमची जागा या बोटींनी झपाट्याने घेतली. २०१५च्या डिसेंबरात शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा कोळी बांधव बोटी घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून माणसं काढत होते. अशा कित्येक फायबर बोटींच्या मागे आउटबोर्ड मोटर असते, आणि ती बऱ्याचदा जुनी असते. तिच्या एकाच दुखण्याविषयी आज बोलायचं आहे. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण इंजिन काही पेटत नाही.

अशा वेळी आपल्याकडे काय होतं? कुणीतरी सांगतं, कॉइल गेली. नवी कॉइल येते, फरक पडत नाही. मग सीडीआय बॉक्स, म्हणजे ठिणगीसाठी वीज साठवून सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलतात. विजेचा सुटा भाग एकदा विकला की दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणजे हा सगळा पैसा अंदाजावर जातो. माझं ठाम मत आहे की, तपासल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये.

पहिला प्रश्न एवढाच, की ठिणगी आहे की नाही? प्लग काढा, वायरीला लावा, त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि दोरी जोरात ओढा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून लांब ठेवा. प्लगची वायर मोकळी लोंबकळत ठेवून सीडीआयची मोटर फिरवू नका, त्यात बॉक्स जळू शकतो. सगळे प्लग काढले की इंजिन हलकं फिरतं. हे महत्त्वाचं आहे, कारण दोरीने फिरणारं इंजिनवरचं चाक सावकाश फिरलं तर चांगला मॅग्नेटोसुद्धा, म्हणजे चुंबकाने ठिणगीची वीज तयार करणारा भाग, ठिणगी देत नाही. चेन्नईच्या दुपारच्या उन्हात ठिणगी दिसत नाही, सावलीत पाहा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी दिसली तर दोष आधी पेट्रोलकडे शोधा. बारीक पिवळसर दिसली किंवा दिसलीच नाही, तर पुढे चला.

आधी नवा प्लग लावून पाहा. केरोसीनवर चालणाऱ्या मोटरीत प्लगवर काजळी लवकर धरते. त्यानेही भागलं नाही, तर इंजिन बंद करायच्या बटणाकडून येणारी वायर सोडवा. हे बटण ठिणगीचा करंट इंजिनच्या धातूत वळवून इंजिन थांबवतं. खाऱ्या हवेने ते आतून गंजलं, किंवा झाकणाखाली वायरीचं आवरण घासलं, तर कोणी बटण न दाबताही इंजिन बंदच राहतं. वायर सोडवल्यावर ठिणगी आली, तर दुखणं सापडलं आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. लोक ही पायरी वगळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तरीही ठिणगी आली नाही, तर आता चाकाखाली पाहा. जुन्या मॅग्नेटोत चाकातलं लोहचुंबक कॉइलवरून फिरतं, पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे संपर्क, मिटलेले असताना कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यांतून करंट वाहतो, आणि पॉइंट उघडताच तो तुटून दुसऱ्या वेटोळ्यांत हजारो व्होल्ट उसळतात. पॉइंटवर जाळ होऊ नये म्हणून कंडेन्सर असतो. महिनोन्महिने पडून राहिलेल्या मोटरीच्या पॉइंटवर राखाडी थर चढतो. पॉइंट मिटलेले दिसतात, पण करंट जात नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवा, स्पिरिटने पुसा, बोट लावू नका. मग फट मोजा. कित्येक जुन्या जॉन्सन-एव्हिनरूड मोटरींत ती सुमारे अर्धा मिलिमीटर असते. चाक काढताना पुलर वापरा. हातोड्याने ठोकलं तर क्रँकशाफ्ट दुखावतो. चाकाला शाफ्टवर जागी धरणारी चावी तुटलेली असेल तर ठिणगी पडते, पण चुकीच्या क्षणी.

सीडीआयच्या मोटरीत पॉइंट नसतात. तिथे चार्ज कॉइल, पल्सर कॉइल, बॉक्स आणि इग्निशन कॉइल अशी साखळी असते. मल्टिमीटरने प्रत्येक कॉइलचा रोध मोजून मोटरीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा. दोन सिलिंडरपैकी एकच मुका असेल, तर दोन्हींच्या कॉइल सारख्या असल्यास अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर दुसरीकडे सरकला, तर कॉइल दोषी. जागीच राहिला, तर साखळीत मागे शोधा. बॉक्स साध्या मीटरने नीट तपासता येत नाही, म्हणून बाकी सगळं निर्दोष ठरल्यावर त्याच्यावर संशय घ्यावा.

सगळ्यांत फसवा प्रकार उष्णतेचा आहे. मोटर अर्धा तास छान चालते, मग मरते, आणि किनाऱ्यावर आणेपर्यंत थंड होऊन पुन्हा सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, यात काहीच नाही. कोळ्याचं म्हणणं खरं असतं. तापल्यावर कॉइलच्या आतली चीर उघडते. अशी मोटर बंद पडताक्षणी, गरम असतानाच तपासली पाहिजे. मात्र वाळूवर कोरडी चालवून तापवू नका, पाण्याविना इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा रबरी पंखा जळतो. खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून चालवा.

बोटीत एक कोरडा डबा ठेवा. त्यात दोन नवे प्लग, प्लगचा पाना, पॉलिश पेपर आणि ठिणगी पाहायचा साधा टेस्टर असू द्या. तुमच्या ओळखीत कुणाची जुनी मोटर असेल, तर बटणाची वायर सोडवून पाहायला त्याला आजच शिकवा.