इंजिनाची ताकद बाजारात मिळते काय?



आज गावोगाव पिकअप गाडी आली आहे. पूर्वी माल बैलगाडीने जात असे. आता आंबा, भाजी, दूध, खत, सारे पिकअपने जाते. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. दर महिन्याला हप्ता येतो. म्हणून गाडीवर खर्च होणारा प्रत्येक रुपया विचाराने खर्च करावा लागतो.

अशा वेळी कोणीतरी येतो आणि म्हणतो, “दादा, ही वस्तू इंजिनाला बसवा. गाडी घाटात वाऱ्यासारखी पळेल. डिझेलही वाचेल.” आपल्याला मोह होतो. हे खरे असते काय? आज आपण तेच पाहू.

ताकद कशी मोजतात?

इंजिनाची ताकद अश्वशक्तीत मोजतात. 75 किलो वजन एका सेकंदात 1 मीटर उंच उचलायला जेवढी शक्ती लागते, तिला 1 अश्वशक्ती म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपची ताकद सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीच्या आसपास असते.

आता एक हिशेब करू. समजा, रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून गाडी कोल्हापूरला निघाली. वाटेत आंबा घाट लागतो. गाडी आणि माल मिळून 3000 किलो वजन आहे. चढ असा आहे, की 10 मीटर पुढे गेले की गाडी 1 मीटर वर चढते. वेग ताशी 36 किलोमीटर आहे. म्हणजे गाडी सेकंदाला 10 मीटर पुढे जाते आणि 1 मीटर वर चढते. आता 3000 ला 75 ने भागा. उत्तर येते 40. नुसते वजन वर उचलायला 40 अश्वशक्ती खर्च झाली. चाकांचे घर्षण आणि वारा यांना लागणारी ताकद वेगळी. हा हिशेब ध्यानात ठेवा. पुढे तो कामाला येईल.

ताकद येते कुठून?

चुलीत लाकूड आहे, पण हवा नाही, तर काय होते? नुसता धूर होतो. इंजिनाचेही तसेच आहे. इंजिन हवा आत ओढते. ती जोराने दाबते. दाबल्याने हवा तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सुटतो आणि पेट घेतो. त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो. मग धूर बाहेर पडतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाने असे इंजिन 1897 साली यशस्वी करून दाखवले. त्याचेच नाव इंधनाला पडले.

1 लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे 10,000 लिटर हवा लागते, बरं का! तेव्हा ताकद वाढवायची तर एकच वाट आहे. जास्त हवा आणि जास्त डिझेल आत गेले पाहिजे आणि ते नीट जळले पाहिजे. याखेरीज दुसरी जादू नाही. कोणी वस्तू विकायला आला, तर त्याला एवढेच विचारा, “भाऊ, याने जास्त हवा आणि जास्त डिझेल आत कसे जाते?”

आता एकेक वस्तू पाहू

पहिली वस्तू चुंबक. हे डिझेलच्या नळीवर बांधतात. लोखंड चुंबकाकडे धावते. डिझेल धावत नाही. नळीवर चुंबक बांधल्याने हवा वाढत नाही आणि डिझेलही वाढत नाही. मग ताकद कशी वाढेल? टाकीत टाकायच्या गोळ्यांचेही असेच मोठे दावे असतात. अमेरिकेत पर्यावरणाचे सरकारी खाते आहे. इंधन वाचवतो असा दावा करणारी शंभराहून अधिक साधने त्या खात्याने तपासली. मायलेज लक्षात येण्याइतके वाढवणारे एकही साधन त्याला सापडले नाही.

दुसरी वस्तू ‘जादा हवा देणारा’ फिल्टर. इथे थोडे तथ्य आहे. फिल्टर धुळीने भरला, तर इंजिन गुदमरते. पण त्याला उपाय म्हणजे कंपनीचाच फिल्टर वेळेवर साफ करणे किंवा बदलणे. स्वच्छ फिल्टरमधून इंजिनाला पुरेशी हवा मिळते. सैल विणीचा फिल्टर लावला, तर हवेबरोबर धूळही आत जाते. आपले रस्ते धुळीचे. ती धूळ इंजिनात कानशीसारखी घासते. ताकद वाढायची राहिली, इंजिनाचे आयुष्य मात्र घटले.

तिसरी गोष्ट सायलेन्सर. काही तरुण तो बदलून मोठ्या आवाजाचा बसवतात. गाडी गर्जना करते आणि आपल्याला वाटते, जोर वाढला. उथळ पाण्याला खळखळाट फार! मालाच्या गाडीत त्याने पडणारा फरक नगण्य असतो. आवाजाचा त्रास मात्र साऱ्या गावाला होतो.

चौथी वस्तू संगणकी पेटी. तिला चिप म्हणतात. हिच्याबद्दल खरे तेच सांगितले पाहिजे. हिने ताकद वाढू शकते. नव्या गाडीत किती डिझेल सोडायचे, हे छोटा संगणक ठरवतो. ही पेटी त्याला चुकीचा निरोप देते. मग तो जास्त डिझेल सोडतो. टर्बो असलेल्या इंजिनात जादा हवाही मिळते, म्हणून जोर येतो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली त्याचा पेटंट घेतला. आज बऱ्याच पिकअपमध्ये तो कारखान्यातूनच येतो.

पण चिपच्या जोराची किंमत कोण देतो? इंजिन जास्त तापते. क्लच, गिअर, टर्बो यांवर ताण येतो. हवा कमी पडली, तर काळा धूर निघतो. रोज पराणी टोचली, तर बैल चार दिवस जोरात चालेल. पुढे काय? शिवाय कंपनी वॉरंटी नाकारू शकते. मग हजारांची पेटी लाखाच्या इंजिनावर बेतते.

कायदा काय सांगतो?

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आहे. नोंदणीच्या कागदावर असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला, तर विमा कंपनीही हरकत घेऊ शकते.

“पण गुरुजी, आमच्या गाडीत फरक पडला!”

असे पुष्कळजण म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत. वस्तू बसवताना मेस्त्री फिल्टर साफ करतो, चाकांत हवा भरतो. फरक त्याने पडतो आणि नाव वस्तूचे होते. पैसे खर्च केले, म्हणून आपणही गाडी जपून चालवतो. त्याचाही परिणाम होतो.

खरे पाहायचे असेल, तर असे करा. टाकी काठोकाठ भरा. नेहमीच्या रस्त्याने नेहमीचा माल न्या. परत टाकी भरा. किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसले, ते वहीत लिहा. घाट चढायला किती मिनिटे लागली, तेही लिहा. वस्तू लावून तीन फेऱ्या आणि काढून तीन फेऱ्या करा. मग आकडे शेजारी मांडा. आकड्याला कोणाची भीड नसते. विकणारा म्हणाला, “आधी पैसे द्या,” तर समजून घ्या.

मग ताकद मिळवायची कशी?

आता तो पहिला हिशेब आठवा. गाडीत ठरल्यापेक्षा 750 किलो माल जास्त भरला आहे. त्याच चढावर, त्याच वेगाला, तो उचलायला 10 अश्वशक्ती जादा लागतात. 750 ला 75 ने भागून पाहा. म्हणजे जादा माल उतरवला, की घाटात 10 अश्वशक्ती फुकट मिळाल्या! एवढी ताकद कोणतेही चुंबक देणार नाही. ब्रेकही वेळेवर लागतील आणि घरची माणसे निश्चिंत झोपतील.

बाकी उपाय साधे आहेत. फिल्टर आणि ऑईल वेळेवर बदला. चाकांत हवा बरोबर ठेवा. चढाला वेळीच खालचा गिअर टाका. काळा धूर दिसला किंवा जोर कमी झाला, तर वस्तू विकत घेऊ नका, आधी दोष शोधून घ्या.

गाडीबरोबर कंपनीचे पुस्तक मिळते. ते बहुधा सीटखाली पडून असते. आता आपल्याला वाचता येते. ते पुस्तक काढा. माल किती भरावा, ऑईल केव्हा बदलावे, वॉरंटी कशाने जाते, सारे त्यात असते. रोज एक पान वाचा आणि हिशेबाची वही ठेवा. ज्याला वाचता येते आणि भागाकार येतो, त्याला फसवणे सोपे नाही.