खर्ड्यापासून कायद्यापर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गणपतीत कायद्यासारखा रूक्ष विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपण बडोद्याची मराठी माणसे आज ज्या राज्यात राहतो, ते राज्यच एका विधेयकातून जन्मले आहे. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी आपण गुजरातचे झालो. दांडिया बाजार जागेवरच, सूरसागर जागेवरच, राज्य मात्र बदलले. संसदेत विधेयक कसे पुढे सरकते, हे समजून घ्यायला आपल्याला याहून जवळचे उदाहरण नाही.

आणखी एक नाते आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांचा जन्म १८८८ सालचा, आपल्या बडोद्यातला. वकिली त्यांनी अहमदाबादेत केली. १९५२ पासून फेब्रुवारी १९५६ मध्ये निधन होईपर्यंत ते अध्यक्षपदी होते. सभागृहाच्या कामकाजाची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

मराठीत आपण कच्च्या मसुद्याला खर्डा म्हणतो. इथली गुजराती वर्तमानपत्रे विधेयकालाच ‘खरडो’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे, कारण विधेयक मंजूर होईपर्यंत कच्चेच असते. ते सभागृहात मांडले जाते, हे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात आधी तत्त्वावर चर्चा होते, गरज वाटल्यास ते समितीकडे जाते, मग एकेका कलमावर दुरुस्त्या येतात आणि मतदान होते. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयकावर मत घेतात. हाच प्रवास दुसऱ्या सभागृहात पुन्हा होतो आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. नवे राज्य करायचे असेल तर घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे आणखी दोन गोष्टी लागतात. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक मांडता येत नाही आणि संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत आधी मागवावे लागते.

आता १९५६ चे राज्य पुनर्रचना विधेयक पाहू. १८ एप्रिलला ते लोकसभेत मांडले गेले. त्यात गुजरात वेगळा, महाराष्ट्र वेगळा आणि मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात, असे तीन भाग होते. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. जुलैत समितीचा अहवाल आला. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये सभागृहात दुरुस्ती होऊन तिन्ही भागांचे एकच द्विभाषिक मुंबई राज्य ठरले. ३१ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणजे एप्रिलच्या कागदावर बडोदे गुजरात राज्यात होते आणि ऑगस्टच्या कागदावर मुंबई राज्यात! मांडलेला खर्डा आणि मंजूर झालेला कायदा यांत केवढे अंतर पडू शकते, ते इथे दिसते.

मुंबई विधिमंडळाने मत दिले होते ते तीन भागांच्या योजनेवर. मग दुरुस्तीनंतर पुन्हा विचारायला नको का? बाबूलाल पराते यांनी हाच प्रश्न न्यायालयात नेला. २८ ऑगस्ट १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मत एकदा मागवले की पुरे. प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा विचारण्याची गरज नाही आणि ते मत संसदेवर बंधनकारकही नाही. म्हणून जे सांगायचे ते वेळेवर सांगावे लागते. नंतर उरते ते आंदोलन, आणि त्याची किंमत संयुक्त महाराष्ट्र व महागुजरात या दोन्ही चळवळींनी तरुणांचे प्राण देऊन मोजली.

शेवटी १९६० चे मुंबई पुनर्रचना विधेयक आले. २५ एप्रिलला संमती मिळाली आणि सहाव्या दिवशी दोन राज्ये अस्तित्वात आली. त्याच्या तिसऱ्या कलमात गुजरातच्या जिल्ह्यांची यादी आहे. तिच्यात ‘बडोदा’ हा एक शब्द, आणि आपल्या साऱ्यांचे नागरी आयुष्य त्या शब्दात! उंबरगाव, नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली गावे तर परिशिष्टात एकेक नावानिशी वाटली गेली. यादीत नाव कुठे येते, यावर मुलांच्या शाळेची भाषा ठरत होती.

आम्हा सरकारी नोकरांना याच कायद्यातली आणखी दोन कलमे महत्त्वाची वाटतात. एकाने कर्मचाऱ्यांची वाटणी कशी करायची ते सांगितले आणि केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलू नयेत, अशी हमी दिली. दुसऱ्याने जुने कायदे चालू ठेवले. म्हणूनच आपल्याकडची दारूबंदी कितीतरी वर्षे ‘मुंबई’ नावाच्याच कायद्याने चालली. गुजरात विधानसभेने अशा कायद्यांची नावे बदलली ती २०११ मध्ये. आणि संसदेत कायदा झाला म्हणजे काम संपले असे नसते. तो लागू झाल्याची अधिसूचना निघते, नियम होतात, परिपत्रके येतात आणि मग तो आमच्या टेबलापर्यंत पोहोचतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. १९५६ मध्येच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने प्रयत्न करावा, असे तो म्हणतो. ‘प्रयत्न करावा’ आणि ‘सोय केलीच पाहिजे’ यांत किती फरक आहे, हे मराठी शाळेसाठी कचेरीत खेटे घालणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. हा फरक मसुद्यातल्या एका क्रियापदाचा आहे, आणि क्रियापद बदलायची वेळ असते ती खर्डा कच्चा असतानाची.

१९९३ पासून संसदेत खातेवार स्थायी समित्या आहेत. विधेयक त्यांच्याकडे गेले की त्या अनेकदा जाहिरात देऊन जनतेकडून लेखी सूचना मागवतात. आपल्या मंडळात वकील आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. भाषेचा, शाळेचा, पेन्शनचा विषय असेल तेव्हा चौघांनी बसून दोन पानांचे निवेदन मुदतीत पाठवावे. ते मान्य होईलच असे नाही, पण आपले म्हणणे नोंदले तरी जाईल.

महाभारत लिहून घेताना व्यासांनी आपल्या बाप्पाला अट घातली होती, अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. आपणही एवढे करू या, कायदा होण्याआधी खर्डा वाचू या.

गणपती बाप्पा मोरया!