जंबो विमानाला मागणी कोणाची?



आमचे सारे आयुष्य मागण्यांत गेले. महागाईभत्त्याची मागणी, बोनसची मागणी, पावसाळ्यात रेनकोटची मागणी. म्हणून चालकांनी ‘जंबो विमानांना असलेली मागणी’ हा विषय आमच्या गळ्यात घातला, तेव्हा निदान एक शब्द तरी ओळखीचा निघाला याचे समाधान वाटले. मागणी मुलीलाही घालतात. तेथे पुष्कळदा वाजतगाजत मागणी घालणारा एक असतो आणि संसार करणारा दुसराच निघतो. जंबोचे नेमके तसेच झाले आहे.

आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पण मुंबईच्या विमानतळावर उमेदीची अकरा वर्षे आम्ही माल चढविला आणि उतरविला. जंबोच्या पोटात ओणवे होऊन पेट्या ढकलल्या आहेत. तेव्हा या विमानाशी आमची ओळख आहे ती खालच्या बाजूने, एवढे ध्यानात घेऊन ऐकावे.

बोइंग ७४७ प्रथम उडाले ते ९ फेब्रुवारी १९६९ रोजी, आणि जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्क–लंडन मार्गावर ते प्रवासी नेऊ लागले. त्या काळी जाणत्यांचा असा होरा होता की, उद्याचा उतारू ध्वनीपेक्षा वेगवान विमानांतून जाईल आणि ही अवाढव्य विमाने मालासाठी उरतील. म्हणून वैमानिकाची खोली उचलून माडीवर नेली. त्यामुळे पुढचे नाकाड झाकणासारखे वर उघडता येते आणि लांबच लांब नग सरळ आत सरकतो. जंबोच्या पाठीवरचे ते कुबड, ज्याचे फोटो आपण कौतुकाने पाहिले, ते मुळात मालाच्या सोयीचे आहे. ध्वनीला मागे टाकणारी विमाने मागे पडली, आणि जंबोने मधली पन्नास वर्षे उतारू वाहिले. होरा चुकला खरा, पण शेवट मात्र त्याच्याच मनासारखा झाला.

आता आकडे ऐका. या विमानाचा अखेरचा प्रकार ७४७-८. अशी १५५ विमाने बांधली गेली. त्यांपैकी १०७ निव्वळ मालवाहू. उरलेल्या ४८ पैकी ३६ तीन विमान कंपन्यांनी प्रवाशांसाठी घेतली, आणि राजेरजवाडे व सरकारे यांच्या नावे पडली ती डझनभर. अमेरिकेतील एव्हरेट येथील कारखाना शेवटची काही वर्षे चालू राहिला, तो मुख्यत्वे एका पार्सल कंपनीने २०१६ व २०१८ साली नोंदविलेल्या २८ मालवाहू विमानांच्या जोरावर. तेथील यंत्रकामगारांच्या चुली कोणा अमिराच्या दिवाणखान्यावर पेटलेल्या नव्हत्या. त्या खोक्यांवर पेटलेल्या होत्या. ३१ जानेवारी २०२३ रोजी १,५७४ वे आणि शेवटचे ७४७ मालकाच्या हवाली झाले. तेही मालवाहूच.

खाजगी मागणीची गोष्ट आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटते. सौदी अरेबियाच्या एका राजपुत्रासाठी एक ७४७-८ घेतले गेले. ते तयार होईतो राजपुत्रच वारले. विमान स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सुमारे दहा वर्षे उभे राहिले आणि २०२२ साली अमेरिकेच्या वाळवंटात नेऊन मोडीत काढण्यात आले. उभ्या आयुष्यात ते पन्नास तासही उडाले नव्हते! आमचा लोडर महिनाभरात त्याच्या चौपट तास उभा राहतो. एअरबसच्या दुमजली ए-३८० लाही २००७ साली असेच एक श्रीमंत गिऱ्हाईक मिळाले. वर्तमानपत्रांनी रकाने भरले, पण ते विमान त्या घरी कधीच गेले नाही. एका माणसाची लहर कारखान्याला नाव मिळवून देते, काम देत नाही.

कोणी विचारील, मग ए-३८० माल का वाहत नाही? मालवाहू ए-३८० ची मागणी आली होती; दोन मोठ्या पार्सल कंपन्यांनी दहा-दहा विमाने सांगितली आणि २००६–०७ मध्ये, विमानाला विलंब होताच, ती रद्द केली. त्याच्या वैमानिकाची खोली दोन मजल्यांच्या मधे, म्हणजे नाक उघडण्याचा प्रश्नच नाही. वरच्या मजल्यावर माल चढवायचा तर तितकी उंच शिडी-यंत्रे प्रत्येक विमानतळावर हवीत. शिवाय वजनाची मर्यादा आधी गाठली जाते आणि जागा रिकामी राहते. २५१ विमाने झाली आणि २०२१ अखेर तोही कारखाना थांबला.

उलट ७४७-८ चा मालवाहू सुमारे १३७ टन उचलतो, म्हणजे दहाचाकी ट्रकच्या सात-आठ खेपा. जगाच्या व्यापारात विमानाने जाणारा माल वजनाने शेकडा एकही नसेल, पण किमतीने सुमारे एकतृतीयांश आहे. २०२० च्या साथीत हे सर्वांना कळले. एरवी निम्माअधिक हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. आपल्या हापूसच्या पुष्कळशा पेट्याही तशाच जातात. ती विमाने जमिनीवर बसली, कित्येक कंपन्यांनी प्रवासी जंबो कायमचे निकालात काढले, आणि त्याच महिन्यांत मालवाहू जंबो रात्रंदिवस उडत होते.

या मागणीचा भार कोणाच्या हातांवर असतो तेही सांगितले पाहिजे. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बग्राम येथून निघालेल्या मालवाहू ७४७ मध्ये पाच चिलखती गाड्या होत्या. उड्डाण होताच एक गाडी पट्ट्यांतून सुटून मागे गेली. विमान कोसळले, सातही माणसे गेली. बांधणीची पद्धतच अपुरी होती, असे चौकशीत निघाले. आमच्या वेळी एक कंत्राटदार पट्टे आवळायला चार माणसांच्या जागी दोन देत असे आणि वर घड्याळ दाखवीत असे. आम्ही चौघांचा आग्रह धरला, तर विमान रोखून धरल्याचा आरोप आला. आरोप खरा होता. आम्ही चाळीस मिनिटे रोखले होते.

आज मागणी आहे आणि नवे विमान नाही. जुन्या प्रवासी जंबोला बाजूला दार कापून, तळ मजबूत करून मालवाहू करता येते. पण नाक उघडणारे करता येत नाही. तेव्हा आहेत तेच जपायचे, आणि जपायला सुटे भाग हवेत.

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे ‘आग्रा’ हे ७४७ मुंबईहून अमेरिकेला सुटे भाग होण्यासाठी गेले. उडताच त्याने एकदा डावा आणि एकदा उजवा पंख लववला. नंतर फोनवर ते चित्र पाहताना आमच्या जोडीचा एक जुना लोडर म्हणाला, “दादा, मागच्या दाराची कडी घट्ट लागायची. तेवढी त्यांना सांगायला हवी होती.”