अंग बाहेर येण्यावरील शस्त्रक्रियेचे धोके
वारंवार बाळंतपणांनी ओटीपोटाच्या तळाचा आधार सैल पडला की गर्भाशय खाली उतरते. यालाच अंग बाहेर येणे म्हणतात. गोव्यात जन्मलेले मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशय न काढता ते पट्टीच्या आधाराने वर धरून ठेवणारी शस्त्रक्रिया दिली. तिच्यात मूत्रवाहिनी, आतडे व रक्तवाहिन्यांना इजा होण्याचा धोका असतो. योनिमार्गे केलेल्या दुरुस्तीनंतर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना किंवा अंग पुन्हा उतरणे संभवते. अशा दुरुस्तीत आधारासाठी बसवलेली कृत्रिम जाळी योनीत उघडी पडू शकते. म्हणून अमेरिकेत २०१९ मध्ये योनिमार्गे बसवायच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवण्यात आली. शस्त्रक्रियेनंतर ताप आल्यास, दुर्गंधीयुक्त स्राव झाल्यास किंवा लघवी अडल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे.