छपराची निगा, घराची राखण
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात प्रतापगड येथे केलेले भाषण)



अशा मेळाव्यांत शिक्षणावर, विवाहातील खर्चावर, तरुणांच्या नोकरीधंद्यावर बोलण्याची आपली प्रथा आहे. ते विषय मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारे विद्वानही आपल्यात पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र आज एका लहानशा विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे, आणि तो विषय म्हणजे आपल्या डोक्यावरील छप्पर. विषय ऐकून काही तरुण मंडळी हसली, हे आम्ही पाहिले. त्यांचा आम्हांस राग नाही. आम्हीही एके काळी असेच हसत होतो. पुढे त्या हसण्याची किंमत आम्हांस मोजावी लागली, ती हकीकत ओघाने येईलच.

आपण जेथे बसलो आहोत त्या प्रतापगडाकडे क्षणभर पाहावे. महाशिवरात्रीस येथे यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनास आणि दर्ग्यावर मस्तक टेकविण्यास दूरदूरचे लोक एकाच वाटेने येतात. या डोंगरावर एके काळी नांदता किल्ला होता. आज त्याचे अवशेष तेवढे उरले आहेत. कोणतीही जुनी वास्तू पडते ती कशी, याचा विचार केला तर क्रम बहुधा एकच आढळतो. आधी छप्पर जाते, मग लाकूड जाते आणि भिंत शेवटी जाते. भिंती भक्कम असूनही वरचे आच्छादन गेले की घराचे आयुष्य मोजकेच राहते.

आणि आपल्या भागातील पाऊस काही थोडाथोडका नव्हे. गोंदिया जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. याचा घराच्या हिशेबाने अर्थ काय? घर सुमारे १० मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे असे धरा. म्हणजे ६० चौरस मीटरांचे छप्पर झाले. त्यावर वर्षाकाठी सरासरी ७२,००० लिटरांहून अधिक पाणी पडते. बारा लिटरांची घागर धरली तर ह्या सहा हजार घागरी झाल्या. एवढ्या घागरी आपल्या डोक्यावरून सुखरूप वाहून नेण्याचे काम छप्पर मुकाट्याने करीत असते, आणि आपण त्याच्याकडे वर्षातून एकदाही मान वर करून पाहात नाही!

आपले वाडवडील असे बेफिकीर नव्हते. आपल्या कोहळी समाजाची ओळखच मुळी पाणी अडविणारा समाज अशी आहे. भंडारा आणि गोंदिया या भागांतील जुने तलाव गोंड राजांच्या काळापासून आपल्या पूर्वजांनी बांधले. याच तालुक्यातील नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तलाव बांधणाऱ्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाळीला उंदराने पाडलेले बीळ उन्हाळ्यात एका टोपलीभर मातीने बुजते. तेच भर पावसाळ्यात फुटले तर गावच्या गाव राबले तरी आवरत नाही. म्हणून पाऊस येण्यापूर्वी पाळ पाहणे, सांडवा मोकळा करणे, गाळ काढणे ही कामे ठरलेली होती. सन १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारकडे गेले. जमीनदारी गेली हे योग्यच झाले. परंतु तलावाची निगा ही नेमकी कोणाची, हे पुष्कळ ठिकाणी अस्पष्ट राहिले आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. बांधणारे हात गेले म्हणून हे झाले नाही. दरवर्षी पाहणारे डोळे उरले नाहीत, म्हणून हे झाले. आमच्या मते आज आपल्या छपरांचेही नेमके तेच होऊ लागले आहे.

आता आमची स्वतःची हकीकत. आमचे वडिलोपार्जित घर मातीच्या भिंतींचे आणि देशी कवेलूंचे. वडील होते तोपर्यंत दर उन्हाळ्यात कवेलू फेरले जात. दोन माणसे दोन दिवस खपत. फुटके कवेलू काढून नवे घालीत, सरकलेले बसवीत, नाल्यांतील पालापाचोळा झाडीत. वडील गेले. सन २००९ च्या उन्हाळ्यात आम्ही विचार केला की यंदा राहू द्यावे, दोन दिवसांची मजुरी वाचेल. त्या वर्षी पावसाने देशभर ओढ दिली. घर गळले नाही आणि आमचा भ्रम मात्र बळावला. पुढच्या वर्षीही राहिले, त्याच्या पुढच्याही वर्षी राहिले. आई दरवर्षी रोहिणी लागण्याच्या सुमारास विचारीत असे, "बाबू, कवेलू फेरले का?" आम्ही "बघू" म्हणत असू.

मग देवघरापाशी थेंब पडू लागला. आम्ही खाली घमेले ठेवले. घमेल्यातील पाणी सकाळी फेकून दिले की गळतीचा बंदोबस्त झाला, असे आम्हांस वाटे. वास्तविक कवेलू सरकला होता तो तेथून चार हात वर, धानाच्या खोलीवर. वानरांच्या उड्यांनी तो खाली घसरला होता. पाणी तेथून आत शिरे, वाशाच्या पोटाने वाहत येई आणि गाठीशी अडून देवघरापाशी टपके. आम्ही थेंब पाहिला, वाट पाहिली नाही. चार पावसाळे तो वासा आणि त्याखालची भिंत पाणी पीत राहिली. ओल्या लाकडाला वाळवी लागली. सन २०१३ चा पावसाळा विदर्भात फार जोराचा झाला. त्यातील एका रात्री दोन वाशांची टोके भिंतीवरच बसली आणि भिंतीचा वरचा भाग धानाच्या कोठीवर कोसळला. आई त्या रात्री उकाड्यामुळे ओसरीवर निजली होती म्हणून वाचली. वर्षाचे खावयाचे धान भिजून त्याला कोंब फुटले. दोन दिवसांची मजुरी वाचविण्याच्या नादात आम्ही एका वर्षाचे अन्न घालविले आणि वर कर्ज काढून भिंत उभी केली. आईने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याचेच आम्हांस आजवर अधिक वाटते.

हे सांगण्याचा हेतू आपले दुःख उगाळणे हा नाही. त्यातून आम्ही जे शिकलो ते आपल्या उपयोगी पडावे, एवढाच आहे.

पहिली गोष्ट ही की, थेंब जेथे पडतो तेथे भोक असतेच असे नाही. पावसाळ्यात ओलीचा डाग दिसला की कोळशाने त्याच्या कडेला खूण करावी आणि उताराच्या वरच्या दिशेने शोध घ्यावा. उन्हाळ्यात भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात उभे राहावे व वर पाहावे. जेथे उजेडाचे कवडसे दिसतील तेथे पाण्यालाही वाट आहे असे समजावे. या पाहणीस पैसा लागत नाही आणि शिडीही लागत नाही. ती घरातील लेकराबाळांनाही करता येते.

दुसरी गोष्ट कवेलूंच्या छपराची. देशी कवेलू एकावर एक नुसते टेकलेले असतात. वारा, वानर, मांजर, उंदीर यांपैकी कोणीही त्यांना जागचे हलविते. एखादा कवेलू फुटला तर घर पडत नाही. पण नालीत पाला साचला म्हणजे पाणी तुंबते, बाजूने आत उतरते आणि लाकूड कुजू लागते. घरावर झुकलेल्या चिंचेच्या वा आंब्याच्या फांद्या उन्हाळ्यातच छाटाव्यात. आपल्याकडे भोपळ्याचा किंवा दोडक्याचा वेल छपरावर चढविण्याची रीत आहे. ती दिसावयास शोभिवंत आहे, हे आम्ही मान्य करतो; परंतु वेलाखालचे छप्पर वाळत नाही आणि फळाच्या लोभाने वानरे येतात. वेलासाठी अंगणात निराळा मांडव घालावा. सन १८६५ च्या सुमारास बासेल मिशनने मंगळूर येथे सुरू केलेल्या कारखान्यातून जे चपटे, एकमेकांत अडकणारे कवेलू देशभर पसरले, ते अधिक घट्ट बसतात हे खरे. तरी त्यांनाही आढ्यावरील जोड आणि कडेचे कवेलू दरवर्षी पाहावे लागतात.

तिसरी गोष्ट पत्र्याची. टिनाच्या पत्र्याला खिळा मारावयाचा तो उंचवट्यावर, खोलगट नालीत नव्हे. कारण नालीतूनच पाणी वाहते. खिळ्याखालची रबराची चकती उन्हाने तडकली की तेथूनच गळती सुरू होते. ती चकती बदलणे स्वस्त, पत्रा बदलणे महाग. वळचणीकडील पत्रे आकड्यांनी वाशांस आवळलेले असावेत, नाहीतर वळवाच्या वादळात ते प्रथम उडतात. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पाय देऊ नये. तो अचानक तुटून माणूस खाली येतो. तो कोरडा घासू किंवा कापू नये, कारण त्यातील ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुफ्फुसांत जाऊन गंभीर रोग उत्पन्न करतात.

चौथी गोष्ट स्लॅबची, आणि येथे आम्हांस थोडे अधिक थांबावयाचे आहे. सन २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेखाली खेड्यापाड्यांत पुष्कळ घरे झाली. मुले नोकरीस लागली, घरांवर स्लॅब पडले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कवेलू गेले त्याबरोबर फेरण्याचा दिवसही गेला. "आता पक्के झाले, आता पाहावयास नको," असे आपण म्हणू लागलो. पक्के घर म्हणजे निगा न लागणारे घर नव्हे. स्लॅबवर पाणी साचून राहिले की ते बारीक भेगांतून आत जाते आणि लोखंडी सळईस गंज चढतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. तो फुगला की खालचा गिलावा फुटून पडतो. खालून ढलपी पडली म्हणजे रोग जुना झाला असे समजावे. यास्तव पाणी जाण्याचे नळ पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यातही मोकळे ठेवावेत. ओले सरपण व तणस स्लॅबवर रचू नये. कठड्याच्या मुळाशी पडलेली भेग ताबडतोब भरून घ्यावी. आणि गळती दिसली की वर सिमेंटचा आणखी एक थर देण्याची जी घाई होते, ती करू नये. ६० चौरस मीटरांवर एक इंच जाडीचा थर म्हणजे तीन टनांहून अधिक वजन. आधीच आजारी असलेल्या छपरावर हा बोजा टाकण्यापूर्वी जाणकारास दाखवावे.

चढणाऱ्याच्या जिवाविषयीही दोन शब्द. कवेलूंवर थेट पाय ठेवू नये. छपरावर शिडी आडवी टाकून भार वाशांवर द्यावा. ओल्या छपरावर चढू नये, विजेच्या तारा जवळ असतील तर प्रवाह बंद करून घ्यावा आणि एकट्याने कधीच चढू नये.

आता हे सारे करावयाचे केव्हा? यासाठी आम्ही आपणांस पंचांगातील एक सोपी खूण सुचवितो. प्रतापगडची यात्रा आटोपून घरी परतलो की अंगणात उभे राहून एकदा छपराकडे पाहावे व काय बिघडले आहे ते वहीत टिपून ठेवावे. तेव्हापासून मे महिन्याच्या २५ तारखेस रोहिणी लागेपर्यंत जवळजवळ तीन महिने हाती असतात. कवेलू, बांबू, खिळे, मजूर यांची जमवाजमव या काळात बेताबेताने होते. मृगाच्या तोंडावर धावाधाव केली म्हणजे माणूस मिळत नाही, मिळाला तर दुप्पट मागतो, आणि शेतीची कामेही तेव्हाच दारात उभी असतात.

शेवटी एक विनंती, आणि तिच्यासाठीच आम्ही हे भाषण स्वीकारले. आपल्या गावागावांत अशी घरे आहेत की ज्यांत एखादी विधवा भगिनी किंवा वृद्ध जोडपे एकटे राहते. मुले नागपूर, पुणे येथे पोटासाठी गेली आहेत. त्या घरांवर चढावयास कोणी नाही, आणि संकोचामुळे ती माणसे कोणास सांगत नाहीत. समाजाने प्रत्येक गावी एक चांगली शिडी, एक दोर आणि चार धडधाकट तरुण यांची व्यवस्था करावी. रोहिणीपूर्वीच्या आठवड्यात या तरुणांनी प्रथम या घरांची छपरे पाहावीत, आणि मगच स्वतःची. कवेलू फेरण्याचे कसब जाणणारे जे म्हातारे कारागीर आज हयात आहेत, त्यांना सन्मानाने बोलावून हे काम तरुणांनी त्यांच्या हाताखाली शिकावे. यास मोठा निधी नको. जुन्या काळी तलावाच्या पाळीवर सारे गाव टोपली घेऊन जात असे. आज टोपलीऐवजी शिडी न्यावयाची आहे, एवढाच फरक.

आमची आई आता नाही. परंतु दर उन्हाळ्यात तिचा प्रश्न आमच्या कानी येतो, आणि हल्ली आमच्यापाशी त्याला सरळ उत्तर असते. आपल्या प्रत्येक घरी यंदा हा प्रश्न कोणीतरी विचारावा, आणि त्यास "बघू" असे उत्तर मिळू नये, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.